परदेशी खेड्यातले पाणी, आग आणि समुद्र

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशी नोकरी आणि शिक्षण या विषयावर आपल्या दैनिकात नेमाने मजकूर येतो. व्हिसा, इंग्रजीची परीक्षा, गुणांची बेरीज, शैक्षणिक कर्ज यांबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत, त्यात भर घालायची नाही. पण ऑस्ट्रेलियाला जाणारी विदर्भातली मुले आता फक्त सिडनी-मेलबर्नला उतरत नाहीत. नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झालेला 491 हा प्रादेशिक व्हिसा पाच वर्षांचा असतो आणि त्यावर सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन ही महानगरे सोडून राहावे लागते. भारतात शिकून गेलेल्या डॉक्टरांना मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्य विम्यातून पैसे मिळवायचे तर साधारण दहा वर्षे डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात काम करावे लागते. मग मुलगा किंवा सून जाऊन पोहोचते ती व्हिक्टोरिया राज्यातले मिल्ड्युरा, शेपर्टन किंवा न्यू साउथ वेल्समधले ग्रिफिथ अशा ठिकाणी, आणि भाडे कमी म्हणून घर घेते गावाबाहेर. मिल्ड्युरा आणि ग्रिफिथ हे संत्र्याचेच पट्टे आहेत. काटोल-वरूडच्या माणसाला तिथला बगीचा लगेच कळेल. त्या बगीच्यातले घर कसे चालते, हे मात्र कोणी सांगितलेले नसते.

इकडून आईवडील फोनवर विचारतात ते जेवणाचे, थंडीचे, शेजाऱ्यांचे. विचारायला हवे ते टाकीत पाणी किती आहे, आगीच्या दिवशी कुठे जाणार आणि सुटीत कोणत्या किनाऱ्यावर उतरणार. हे पत्र त्या प्रश्नांसाठी आहे.

आधी पाणी. गावाबाहेरच्या घराला बहुधा नळयोजना नसते. टिनाच्या छपरावरचा पाऊस पन्हाळीतून टाकीत जातो आणि वर्षभर तेच पाणी प्यायला, आंघोळीला, भांड्यांना. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. शेपर्टनकडे वर्षाला साधारण 450 मिलिमीटर पाऊस धरला तर 150 चौरस मीटर छपरावर 67,500 लिटर पडतात. टिन ओले होण्यात, पन्हाळीवरून उडण्यात पंधरा टक्के गेले तर 57,000 च्या आसपास उरतात. चार माणसे रोज दीडशे-दीडशे लिटर वापरू लागली तर पंचाण्णव दिवसांत टाकी कोरडी. म्हणून तिथे शेडचे, गॅरेजचे छप्परही टाकीला जोडतात. 400 चौरस मीटर छप्पर आणि माणशी शंभर लिटर, असे गणित बसले की वर्ष निघते. मिल्ड्युराला तर वर्षाला 300 मिलिमीटरही पाऊस पडत नाही. तिथे नदीचे किंवा कालव्याचे पाणी घरापर्यंत येते का आणि ते पिण्याजोगे आहे का, हे घर घेण्याआधी विचारावे. कालव्याचे पाणी बहुधा बागेसाठी असते, स्वयंपाकासाठी नाही.

टाकी किती भरली आहे हे पाहायला वर चढायची गरज नाही. बोटांच्या पेरांनी खालून वर वाजवत गेले की पाणी असलेल्या भागात आवाज बद्द येतो आणि रिकाम्या भागात एकदम घुमतो. पत्र्याची टाकी असेल तर बाहेरून वरपासून खालपर्यंत मगभर गरम पाणी ओतावे आणि लगेच हात फिरवावा. पाण्याच्या पातळीखाली पत्रा गार लागतो, वर कोमट राहतो. घर भाड्याने घेताना हे करून पाहावे, आणि पाणी संपल्यावर दहा-बारा हजार लिटरच्या टँकरचे पैसे कोण देणार, हे करारात लिहून घ्यावे. यावरून भांडणे होतात.

पहिल्या पावसाचे पाणी टाकीत जाऊ द्यायचे नसते. छपरावर पक्ष्यांची विष्ठा, पाने, लाकडी चुलीचा काजळीधूर साठलेला असतो. त्यासाठी टाकीच्या आधी एक उभा पाइप बसवतात. पहिले निदान वीस-पंचवीस लिटर त्यात अडकतात आणि मग चांगले पाणी टाकीकडे वळते. त्या पाइपच्या तळाशी थेंबथेंब गळून तो रिकामा होण्यासाठी बारीक छिद्र असते. नेमके तेच पानांच्या गाळाने बुजते. मग पाइप कायम भरलेला राहतो आणि पुढच्या पावसाची सगळी घाण थेट टाकीत. महिन्यातून एकदा त्याचे खालचे झाकण उघडून धुतले की भागते. टाकीच्या तोंडावरची जाळी डास आत जाणार नाहीत इतकी बारीक हवी. डेंग्यूचा अनुभव असलेल्या नागपूरकरांना याचे कारण सांगायला नको. जुन्या घराच्या छपरावर शिशाच्या पट्ट्या असतील तर ते पाणी लहान मुलांना देऊ नये.

दुसरी गोष्ट सेप्टिक टँकची. तिथल्या अशा घराला गटारलाइन नसते. टाकीत जड मैला खाली बसतो, तेल-तूप वर तरंगते आणि मधले पाणी जमिनीत गाडलेल्या सच्छिद्र नळ्यांमधून मुरते. आपल्या स्वयंपाकाचा धोका इथेच आहे. फोडणीचे तेल, तुपाचा हात, डाळीचे खरकटे मोरीत गेले की वरचा थर जाड होतो, तो नळ्यांपर्यंत पोहोचतो आणि नळ्या बुजतात. कढई आधी कागदाने पुसायची, मगच धुवायची. ब्लीच आणि अ‍ॅसिड बेताने वापरावे, कारण मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात. ओले वाइप्स तर टाकूच नयेत, डब्यावर काहीही छापलेले असो. आठवडाभराचे कपडे शनिवारी एकाच दिवशी चार-पाच वेळा मशीन लावून धुण्याची नोकरदार घरांची सवय तिथे महागात पडते. एकदम आलेले पाणी तळ ढवळते आणि गाळ नळ्यांमध्ये ढकलते. रोज एक वेळ मशीन लावावी. टाकी तीन ते पाच वर्षांनी उपसून घ्यावी लागते. भर उन्हाळ्यात अंगणातला एकच पट्टा हिरवागार दिसू लागला, संडासात गुडगुड आवाज आला, तर नळ्या तुंबल्या समजावे. त्या पट्ट्यावर गाडी उभी करू नये, झाड लावू नये.

जाता जाता, संडासातला हातातला जेट स्प्रे. मुले ऑनलाइन मागवून स्वतःच जोडतात. तिथल्या नियमांत हे जास्त जोखमीचे जोडकाम समजले जाते, कारण पाण्याचा दाब उलटला तर घाण पाणी पिण्याच्या नळात ओढले जाऊ शकते. उलटा प्रवाह अडवणाऱ्या साधनासह परवानाधारक प्लंबरकडूनच ते बसवावे. विजेचे कामही तसेच. घरच्या घरी वायरिंगला हात लावणे तिथे बेकायदा आहे.

आता आग. नागपूरच्या माणसाला 45 अंश म्हणजे काय ते ठाऊक आहे: कूलरची खस ओली करायची, दुपारी दार लावून घ्यायचे, खिशात कांदा ठेवायचा. हीच सवय तिथे घात करू शकते. व्हिक्टोरियात उन्हाळ्यात उत्तरेकडून कोरडा, तापलेला वारा येतो आणि आगीला दक्षिणेकडे लांबट पट्ट्यात पळवतो. दुपारनंतर वारा अचानक नैर्ऋत्येकडून फिरतो. माणसांना वाटते गार वारा सुटला, सुटलो. प्रत्यक्षात आगीची लांबच लांब बाजू त्या क्षणी आघाडी होते आणि काही किलोमीटर रुंदीची आग एकदम पुढे सरकते. 7 फेब्रुवारी 2009 च्या शनिवारी व्हिक्टोरियात 173 माणसे गेली. त्या दिवशीही वाऱ्याच्या या फिरण्याने कहर केला. घरे बहुतेकदा ज्वाळांनी नाही, तर आघाडीच्या पुढे उडत येणाऱ्या ठिणग्यांनी पेटतात. पन्हाळीतला वाळका पाला, दारातले काथ्याचे पायपुसणे, भिंतीला टेकवून रचलेली लाकडे यांवर त्या पडतात.

सप्टेंबर 2022 पासून संपूर्ण देशात धोक्याच्या चार पायऱ्या आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटस्ट्रॉफिक. शेवटची जाहीर झाली की धूर दिसण्याची वाट पाहायची नाही. आदल्या रात्री किंवा सकाळी लवकर मोठ्या गावात निघून जायचे. व्हिक्टोरियात विकइमर्जन्सी आणि न्यू साउथ वेल्समध्ये हॅझर्ड्स निअर मी ही अ‍ॅप मोबाइलवर हवीत. पण त्यांवरच विसंबू नये, कारण आगीत आधी वीज आणि पाठोपाठ मोबाइलचा टॉवर जातो. बॅटरीवर चालणारा रेडिओ घरात हवा. वीज गेली की टाकीतले पाणी उपसणारा विजेचा पंपही बंद पडतो, म्हणजे नेमके हवे तेव्हा नळ कोरडा. म्हणून तिथले शेतकरी पेट्रोल किंवा डिझेलचा वेगळा पंप ठेवतात आणि जमिनीवरची नळी धातूची घेतात, प्लास्टिकची वितळते. भाडेकरूने हे सगळे उभे करावे असे नाही. त्याने लवकर निघावे, एवढेच.

सणांबद्दल स्पष्ट सांगायला हवे. टोटल फायर बॅन, म्हणजे आगीवर पूर्ण बंदी, जाहीर झालेल्या दिवशी उघड्यावर होळी, होम, शेकोटी यांपैकी काहीही चालत नाही, आणि आगीच्या मोसमात एरवीही उघड्यावर पाला-कचरा जाळायला परवाना लागतो. आपली होळी मार्चमध्ये येते, तेव्हा तिथले गवत अजून वाळलेलेच असते. दिवाळीचे फटाके तर बहुतेक राज्यांत खासगी माणसाला उडवताच येत नाहीत.

हिवाळा उलट टोकाचा. जून ते ऑगस्ट रात्री पारा शून्याजवळ जातो आणि जुनी लाकडी घरे गळकी असतात. लाकडाची शेगडी असेल तर लाकूड निदान वर्षभर वाळलेले घ्यावे. ओले लाकूड धुमसते, चिमणीत डांबरासारखा थर बसतो आणि तोच पुढे पेट घेतो. हिरवट छटा असलेले जुने कुंपणाचे खांब कधीही जाळू नयेत. त्यांत कीड लागू नये म्हणून मुरवलेले आर्सेनिक असते आणि राखेतही ते राहते. कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू बंद खोलीत उबेसाठी ठेवणे म्हणजे विषारी वायू कोंडणे आहे. त्याला वास नसतो.

सापाविषयी थोडे. तिथे चावलेली जागा धुवायची नाही, कापायची नाही, आवळून बांधायचे नाही. बोटांपासून वर संपूर्ण हातावर किंवा पायावर रुंद इलॅस्टिक पट्टी घट्ट गुंडाळायची, फळीचा आधार द्यायचा, माणसाला एक पाऊलही चालू द्यायचे नाही आणि 000 या तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन करायचा. ही पद्धत तिथल्या सापांसाठी आहे. आपल्याकडच्या घोणस-फुरशाच्या दंशाला तशीच लावायची नसते.

रस्त्यावर आपल्यासारखेच डावीकडून चालायचे, त्यामुळे मुलांना सोपे वाटते. पण पहाटे आणि दिवेलागणीला कांगारू रस्त्यावर येतात. समोर आला तर सरळ रेषेत ब्रेक लावायचा. त्याला चुकवायला स्टिअरिंग फिरवले की गाडी झाडावर जाते किंवा उलटते. लांबच्या प्रवासाला निघताना पोहोचण्याची वेळ अंधाराआधीची धरावी. मिल्ड्युराहून अ‍ॅडलेडच्या समुद्राकडे जाणारा रस्ता साधारण 400 किलोमीटरचा आहे, आणि साउथ ऑस्ट्रेलियात शिरताच यांबा येथे फळांची नाकाबंदी लागते. फळमाशी जाऊ नये म्हणून गाडीतली संत्री, टोमॅटो तिथे टाकून द्यावे लागतात. लपवली तर दंड. वाटेसाठी पोळ्या आणि कोरडी चटणी बरी.

आणि आता समुद्र. यावर सविस्तर लिहिण्याचे कारण उघड आहे. आपण देशाच्या मध्यावरचे लोक. समृद्धी महामार्गाने 701 किलोमीटर गेलो तरी किनारा अजून पुढेच राहतो. लहानपणापासून लाट पाहिलेली नसल्याने आपल्याला समुद्राची भीतीही नेमकी उलट वाटते: फेसाळणाऱ्या लाटा दिसल्या की घाबरतो आणि जिथे पाणी शांत, गडद दिसते तिथे लेकरांना घेऊन उतरतो. तो शांत पट्टाच बहुतेकदा रिप करंट, म्हणजे माणसाला आत समुद्राकडे ओढणारा प्रवाह, असतो.

याचे कारण समजून घ्यावे. लाट फुटते ती उथळ जागी, वाळूच्या दांड्यावर. फुटलेल्या लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेले पाणी परत जायला वाट शोधते आणि दोन दांड्यांमधल्या खोल चरातून वेगाने आत समुद्राकडे वाहते. चर खोल म्हणून तिथे लाट फुटत नाही, पाणी काळसर आणि गुळगुळीत दिसते. त्याचा वेग ऑलिंपिकच्या पोहणाऱ्यालाही मागे टाकू शकतो, मग टोंगळाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाचे काय. दांड्याच्या कडेला पायाखालची वाळू सरकते आणि दोन पावलांत पाणी डोक्यावर जाते.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर लगेच उतरू नये. उंचावर दहा मिनिटे उभे राहून पाहावे. पांढऱ्या लाटांच्या रांगेत एखादी काळी फट आहे का, फेस किंवा शेवाळ उलट दिशेने आत जाते आहे का, एखाद्या पट्ट्यात पाणी वाळूने गढूळ आणि बारीक खळबळते आहे का? असे काहीही दिसले तर ती जागा सोडावी. खरे तर नवख्याने हे ओळखण्याच्या भरीसही पडू नये. लाल-पिवळे झेंडे शोधावेत. दोन झेंड्यांच्या मधला भाग जीवरक्षकांनी पाहून निवडलेला असतो. झेंडे नसतील तर उतरायचेच नाही, पाणी कितीही निवांत दिसले तरी. खेड्याकडच्या बऱ्याच किनाऱ्यांवर गस्त फक्त उन्हाळ्यात, कधी तर फक्त शनिवार-रविवारी आणि ठरावीक तासांत असते. बीचसेफ या अ‍ॅपवर त्या दिवसाची गस्त दिसते. 24 जानेवारी 2024 ला व्हिक्टोरियातल्या फिलिप आयलंडवर फॉरेस्ट केव्हज या किनाऱ्यावर भारतीय वंशाचे चार जण बुडाले. तिथे गस्त नव्हती.

ओढले गेलेच तर उलट पोहत किनाऱ्याकडे यायचा प्रयत्न करू नये. बुडणारी माणसे दमून बुडतात. रिप खाली खेचत नाही, बाहेर नेते आणि लाटांच्या पलीकडे तिचा जोर संपतो. पाठीवर तरंगावे, एक हात वर करून मदत मागावी, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, जिथे पांढऱ्या लाटा फुटत आहेत त्या बाजूला सरकावे. त्या लाटाच परत आणतात. दुसऱ्याला वाचवायला बाप, भाऊ, मित्र उडी मारतात आणि एकाचे दोन-तीन होतात. हे फार वेळा घडते. हाती तरंगणारे काही घेतल्याशिवाय पाण्यात जाऊ नये: सर्फबोर्ड, फुगा, अगदी बर्फाच्या पेटीचे झाकणही चालेल. आधी 000.

कपड्यांबद्दल आयाबहिणींना विनंती. साडी, सलवार, जीन्स भिजली की पायाला गुंडाळते आणि हात मारता येत नाही. पूर्ण अंग झाकणारे पोहण्याचे कपडे तिथे सहज मिळतात, उन्हापासूनही वाचवतात, कोणी वळून पाहत नाही. हवेने भरलेली रबरी खेळणी मुलांना समुद्रात देऊ नयेत; जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा ती क्षणात दूर नेतो आणि मूल त्यांच्या मागे जाते. खडकांवर उभे राहून फोटो काढायचा मोह टाळावा. ओला, काळा खडक म्हणजे तिथपर्यंत लाट येते असा अर्थ.

उत्तर क्वीन्सलँडला सुटी काढणाऱ्यांसाठी वेगळे नियम. साधारण नोव्हेंबर ते मे तिथे विषारी जेलीफिश असतात. जाळी लावलेल्या भागातच आणि अंगभर सूट घालून उतरावे. बॉक्स जेलीफिश डसला तर 000 ला फोन करून निदान तीस सेकंद व्हिनेगर ओतायचे. दक्षिणेकडच्या निळ्या ब्लूबॉटलला मात्र व्हिनेगर नाही, सोसवेल इतके गरम पाणी वीस मिनिटे. खाड्यांच्या आणि नद्यांच्या मुखाशी मगरीच्या पाट्या असतात. ती सजावट नाही. पश्चिमेला ब्रूमकडे भरती-ओहोटीत दहा मीटरपर्यंत फरक पडतो. वाळूवर नेलेली गाडी भरतीत जाते. साउथ ऑस्ट्रेलियात रोब गावाच्या लाँग बीचवर वाळू घट्ट असल्याने साधी गाडीही नेता येते, पण मऊ वाळूच्या किनाऱ्यांवर चारही चाके ओढणारी गाडी हवी, टायरची हवा वीस पीएसआयच्या खाली आणावी लागते आणि डांबरी रस्त्यावर परतताच ती पुन्हा भरावी लागते.

नाताळच्या सुट्यांत किनाऱ्यावरचे कॅरव्हॅन पार्क कित्येक महिने आधी भरतात. फेब्रुवारी-मार्च बरा: शाळा सुरू झालेल्या, पाणी अजून कोमट, भाडे कमी. फक्त शाळा सुरू झाली की कित्येक ठिकाणी रोजची गस्तही थांबते, हे लक्षात ठेवून तारखा ठरवाव्यात.

भेटीला जाणाऱ्या आईवडिलांनी तीन महिन्यांपुरती औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. प्रवास विमा घ्यावा आणि घरापासून रुग्णालय किती किलोमीटर आहे ते तिकीट काढण्याआधी विचारावे. जाणाऱ्या मुलांनी नागपुरातच पोहण्याच्या तलावावर दोन-तीन महिने घालवून पाठीवर पाच मिनिटे तरंगायला शिकावे. तलावात पोहता येणे म्हणजे समुद्रात पोहता येणे नव्हे, पण तरंगता येणारा माणूस मदत येईपर्यंत टिकतो.

संपादक महोदय, आपल्या परदेशी शिक्षणाच्या पानावर दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे तिथला उन्हाळा आणि आपल्याकडच्या आईवडिलांचे प्रवास सुरू होण्याआधी, या विषयासाठी अर्धा रकाना राखून ठेवावा, ही विनंती. पहिला लेख रिप करंटवर असावा आणि सोबत चित्र असावे. शब्दांपेक्षा ती काळी फट चित्रात लवकर कळते.

आपला नम्र वाचक,
लक्ष्मीनगर, नागपूर